उघड्या चौकासाठी नेचे

पॉलिहाऊसचा पडदा बाजूला सारून तो आत आला आणि दमट हवेने त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून होईपर्यंत त्याला ती दिसलीच नाही. तिला मात्र तो फाटकापासूनच दिसत होता. घाऊक नर्सरीतला नेच्यांचा, म्हणजे फर्नचा, विभाग ती सांभाळायची, आणि हा माणूस एक ना एक दिवस इथे माल घ्यायला येणार, याची घटस्फोट झाल्यापासून वाट बघत होती. त्याच्या मागे त्याची नवी बायको होती. पाण्याची बाटली, त्याची फाइल, त्याचा कोट, सगळं तिच्याच हातात.

"तू इथे?" तो म्हणाला आणि लगेच सावरून हसला. "बरं झालं. पाणी घालायला तर येतंच तुला."

हेच तो चारचौघांत सांगत फिरला होता. बागा उभ्या करायचा धंदा दोघांचा. कुठे काय लावायचं ते ती ठरवायची, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम त्याचं. वेगळे झाल्यावर धंदा त्याच्याकडे राहिला, आणि "तिला झाडांतलं ओ की ठो कळत नाही" असं त्याने इतक्या ठिकाणी पसरवलं, की तिला कोणी साधी गच्चीवरची बागही लावायला देईना. तेव्हापासून तिला सूड हवा होता. उगाच मोठ्या मनाचा आव कशाला आणायचा? सूडच हवा होता.

"बोला, काय दाखवू?" ती म्हणाली. संसारात होती तोवर ती त्याला अरे-तुरे करायची. आज तो गिऱ्हाईक होता.

थंड हवेच्या ठिकाणच्या एका बड्या हॉटेलचा मधला चौक होता. वरून उघडा, मालकांना आकाश दिसायला हवं होतं. चौकभर नेचे लावायचे, वर्षभराची हमी त्याने देऊन टाकली होती. हे काम जमलं, की त्यांच्या बाकीच्या हॉटेलांच्या बागाही त्यालाच मिळणार होत्या. हे शेवटचं त्याने जरा चवीने सांगितलं.

दोन्ही बाजूंना बर्डनेस्ट आणि बॉस्टन फर्न हिरवेगार लवलवत होते. 'न्या हेच' असं नुसतं म्हणायचा अवकाश होता. पण भाजीत मीठ कमी पडलंय एवढं तिने सांगितलं, तरी स्वतः चाखून बघितल्याशिवाय विश्वास न ठेवणारा हा माणूस. त्याच्याशी खोटं बोलायची गरजच काय?

"मग यांतला एकही नेऊ नका," ती म्हणाली. पलीकडे नर्सरीचे मालक कुंड्या लावत होते, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "हे उष्ण प्रदेशातले. तिथली पाणी गोठवणारी थंडी पडली की एका रात्रीत काळे पडतील. उघड्यावर टिकणारे काटक नेचे बाहेर आहेत. या."

बाहेर हिरव्या जाळीखाली काटक नेचे मांडले होते. हंगाम सरत आलेला. पानं तांबूस पडून कुंडीच्या कडेवर लोळत होती. त्याने एक पान उलटं केलं. मागे तपकिरी ठिपके.

"कीड लागलीय याला!"

नवी बायको वाकली. "अहो, कीड अशी ओळीत नाही बसत."

तिने चमकून त्या बाईकडे पाहिलं. "बरोबर. बीच समजा ते. आता हे वाळतील, आणि थंडी सरली की मुळापासून पुन्हा फुटतील."

"मग हेच घेऊ या ना," नवी बायको म्हणाली. "त्या एवढं सांगतायत तर."

तो थांबला. पान हातात धरून त्याने एकदा कुंडीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. या माणसाने एकदा तरी आपलं ऐकावं म्हणून तिने किती वर्षं जीव काढला होता, आणि आज ती मनोमन विनवत होती, नको, आजच्या दिवस नको ऐकूस.

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो बायकोवर खेकसला. "न खपलेला माल आपल्या गळ्यात मारतेय ती. उद्घाटनाला हे वाळकं गवत मांडू? आतलेच द्या. सगळे."

तिच्या काळजात थंडावा पसरला. "मालक, ऐकलंत ना? मी नको म्हटलं होतं."

"ऐकलं," मालक म्हणाले. "आणि साहेब, गाडीत चढलेला माल आम्ही परत घेत नाही."

"कोण आणतोय परत!" म्हणत तो टेम्पो मागे घ्यायला गेला.

नवी बायको तिथेच उभी राहिली. या बाईसाठीही तिने मनात थोडं विष राखून ठेवलं होतं. पण मघाशी तो खेकसला तेव्हा त्या बाईचा चेहरा लाल झाला होता आणि क्षणात पुन्हा गुळगुळीत. असा चेहरा करायला किती दिवस लागतात, ते तिला ठाऊक होतं.

"ताई, तुम्ही सांगितलंत ते खरं होतं?"

"अक्षर न् अक्षर." मग तिला राहवलं नाही. "सांगणार आहेस त्यांना?"

"अगं, नुसती उभी काय राहिलीस? उचल ना!" टेम्पोतून आवाज आला.

बाईने बाटली, फाइल, कोट खाली ठेवले, पॉलिहाऊसच्या पडद्याआतला एक बर्डनेस्ट दोन्ही हातांनी जपून उचलला.

"एवढी थंडी साधारण कधी पडते हो?"

"महिना-दीड महिन्यात."

"बरं," बाई म्हणाली. "मग त्याच्या आधीच मी माहेरी जाते."