बिननावाचा निरोप

"नाव नाही लिहिलंत," लेनर्ड टिझर्ड म्हणाला. "जहाजाचंही नाही."

"लिहायचंच नाहीये," बाई म्हणाली.

बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. ठीक बाराला लेनर्ड सेंट जॉन्स बंदरातल्या तीन खोल्यांच्या रेडिओ केंद्रातून निरोप वाचायला बसे. सीलच्या शिकारीला गेलेली जहाजं तिकडे उत्तरेच्या बर्फात असत आणि रोज दुपारी डेकवर कर्णा लावून माणसं घरची खबर ऐकत. कुणाची गाय व्याली, कुणाच्या आईचा खोकला बसला. नियम सोपा होता: वीस शब्द, माणसाचं नाव, जहाजाचं नाव. हा नियम मोडला म्हणून लेनर्डच्या आधीच्या निवेदकाला घरी बसावं लागलं होतं.

बाईच्या कागदावर सहाच शब्द होते. 'मला सगळं कळलंय. तरी घरी ये.'

लेनर्डने ते दोनदा वाचले. काय कळलं असेल? बाई पंचेचाळिशीची, डोक्याला लोकरी रुमाल, रात्रभर आगगाडीत बसून आलेली. चेहऱ्यावरून कशाचाच पत्ता लागत नव्हता.

"अहो बाई, बर्फावर दोन हजार माणसं आहेत. हे त्यांतल्या कुणी समजायचं?"

"ज्याने केलं त्याने."

"बरं, आडनाव राहू दे. निदान नाव तरी?"

"बाळा, नाव घेतलंस तर त्याच्या जहाजावरची दीडशे माणसं वळून त्याच्याकडे बघतील. मग तो कसला येतोय घरी? इथे उतरेल आणि परस्पर बॉस्टनची बोट धरेल."

मॅनेजर जेवायला गेला होता. लेनर्डने कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

एकोणीस निरोप त्याने नेहमीच्या खुशालीच्या सुरात वाचले. विसावा समोर आला तेव्हा तो अडला. रोज आधी नाव घ्यायची सवय. आज घ्यायला नावच नव्हतं. भिंतींना लावलेल्या घोंगड्या सगळा आवाज गिळून गप्प होत्या. मग त्याने सावकाश ते सहा शब्द वाचले. थांबला. आणि कुणीही सांगितलं नव्हतं तरी पुन्हा एकदा वाचले.

बाहेर बाकावर बाई तशीच बसली होती. "पोचलं का रे?"

"ते आम्हाला कधीच कळत नाही, बाई. आम्ही नुसतं बोलायचं."

पण त्या दिवशी कळलं. जहाजांना उलट बोलता येत नसे, तारा मात्र धाडता येत. त्या तारा शेजारच्या खोलीत तारवाला हुबर्ट उतरवून घेई. दोनच्या सुमाराला तो कानामागे पेन्सिल खोचून बाहेर आला.

"लेनर्ड, आज जहाजांवर काय साथ आलीय? अकरा तारा, अकरा बायकांना. आणि सगळ्यांचं एकच, येतो म्हणून!"

"कुणाकुणाच्या?"

"ते सांगायला मी काय न्हाव्याच्या दुकानात बसतो?"

बाई उठली आणि हुबर्टच्या कानाशी काहीतरी बोलली. त्याने मान हलवली. "त्या नावाची नाही आली अजून." ती पुन्हा बाकावर जाऊन बसली. आतापर्यंत लेनर्डने तीन पेन्सिलींना टोकं केली होती. विचारण्याचं धाडस मात्र झालं नव्हतं.

चार वाजता दार आपटून ड्रोव्हरबाई आत आल्या. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. हातांना पीठ तसंच, मुठीत तार.

"अरे ए रेडिओवाल्या! हे काय आहे? 'कळलंच आहे तर लपवत नाही. चुकलो. घरी येतो. एलिजा.' शेजारीण म्हणते, 'मला सगळं कळलंय' असं तूच वाचलंस रेडिओवर. माझ्या घरी रेडिओ नाही, मी काही धाडलं नाही. काय कळलंय मला? आधी ते सांग!"

बाकावरची बाई उभी राहिली.

"निरोप माझा होता. माझ्या नवऱ्याला."

"मग माझ्याने काय केलंय?"

"ते मला कसं ठाऊक असणार, बाई?"

ड्रोव्हरबाई बाकावर टेकल्या. तार मांडीवर सरळ करून त्यांनी पुन्हा वाचली, एकेका शब्दावर पिठाचं बोट ठेवत.

"अठरा वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "चुकलो हा शब्द त्याला येतो हेच मला माहीत नव्हतं."

थोड्या वेळाने त्या उठल्या, तार घडी करून पदराआड जपावी तशी कोटाच्या आत ठेवली आणि दाराशी वळल्या.

"मला काही कळलेलं नाही," त्या लेनर्डला दटावून म्हणाल्या, "हे मात्र त्याला कळता कामा नये. सांगून ठेवते."

पाचला हुबर्ट आला आणि त्याने बाकावरच्या बाईच्या हातात तार दिली. तिने वाचली. परत वाचली. मग लेनर्डकडे बघून तिला त्याची दया आली असावी. तिने कागद त्याच्यापुढे धरला.

'कुणी सांगितलं?' एवढंच होतं. खाली सही, गिडियन.

"म्हणजे?" लेनर्डला राहवेना. "येणार की नाही?"

बाईने डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि नीट बांधून घेतला.

"जहाजं कधी लागणार?"

"शनिवारी."

"मग मला एवढं सांग बाळा, धक्क्याजवळ दोन माणसांपुरती खोली कुठे मिळेल?"