साफीचा मान

डॉक्टर मॅडमनी ओंकारला शंभरातून सात वजा करायला सांगितले. जे उत्तर येईल त्यातून पुन्हा सात, असं करत खाली यायचं.

"त्र्याण्णव," ओंकार म्हणाला आणि थांबला. खिडकीकडे बघितलं, नखं बघितली. मग विचारलं, "सातच ना?"

शेजारच्या खुर्चीत त्याचे वडील भाऊसाहेब टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते मनातल्या मनात शहाऐंशी, एकोणऐंशी करत पार दोनपर्यंत उतरले, तरी वीस वर्षांचं पोरगं त्र्याण्णववरच. हेच पोरगं सातवीत असताना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या भरल्या ट्रॉलीतून रिकामीचं वजन तोंडी वजा करायचं, काट्यावरच्या बाबूच्या आधी. बाबू त्याला बोलावून सगळ्यांना दाखवायचा.

राहू दे, मॅडम म्हणाल्या आणि भाऊसाहेबांना विचारायला लागल्या. कॉलेज सोडलं, झोपत नाही, विहिरीवरची मोटार सुरू झाली की तिच्यातून माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणतो, हे त्यांनी सगळं सांगितलं. गांजा ओढतो का? व्हय, ओढतो. हे मात्र त्यांनी शेजाऱ्याच्या पोराबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मॅडम तरुण होत्या, पण समजावून सांगत होत्या. मेंदूचं बांधकाम पंचविशीपर्यंत चालू असतं. स्लॅब ओला असताना खालचं सेंट्रिंग काढलं तर काय होईल? गांजानं सगळ्यांचंच असं होतं असं नाही. पण कोवळ्या वयात सुरू झाला, वरचेवर होत राहिला, तर लक्ष लागत नाही, आठवण कच्ची पडते, कुणाकुणाला भास होतात. म्हणून पहिल्यांदा कधी ओढला ते नीट कळायला हवं. त्यांनी पेन उघडलं.

"ओंकार, पहिल्यांदा कुणी दिला होता?"

भाऊसाहेबांनी मांडीवरची टोपी उलटी केली. चौदा वर्षं ते डोंगरावरच्या मठात दर अमावास्येला जात होते. दारूच्या थेंबाला कधी शिवले नव्हते, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. गांजाचं वेगळं, तो धुनीपुढचा प्रसाद. चिलमीच्या तोंडाला गुंडाळायचं फडकं, साफी, ती भिजवायचा मान त्यांच्याकडे होता. चिलीम पहिल्यांदा कुणाच्या हातात द्यायची ते साफी भिजवणाऱ्यानंच ठरवायचं, असा तिथला रिवाज.

ओंकार कपाळाला आठ्या घालून आठवत होता. बराच वेळ आठवत होता. आता बोलणार, आता बोलणार, म्हणून भाऊसाहेबांनी टोपी चुरगळून टाकली.

"न्हाई आठवत," ओंकार म्हणाला.

सुटलो. भाऊसाहेबांच्या मनात पहिला शब्द हाच आला. पोराची आठवण गेली आणि बापाला हायसं वाटलं. मग त्यांना स्वतःची इतकी किळस आली की मान वर करवेना.

मित्रांनी दिला असेल, मॅडम म्हणाल्या. असंल, असं ओंकारनं म्हटलं. त्या लिहायला लागल्या.

"मित्रांनी न्हाई, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "मी दिला."

पेन थांबलं. मग त्यांनी खाली बघतच सगळं सांगून टाकलं. आठवीला वर्गात पहिला आला त्या वर्षीची महाशिवरात्र. एवढं हुशार पोर, त्याला मान द्यायचा नाही तर कुणाला, म्हणून साफी भिजवून चिलीम आधी त्याच्या हातात दिली. पोर खोकलं तेव्हा सगळे हसले, तेही हसले. ध्यान लागतं, डोकं आणखी चालतं, असं त्यांनीच त्याला सांगितलं. पुढं तीन वर्षं दर अमावास्येला मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. आणि मागच्या महिन्यात भास वाढले तेव्हा बाहेरचं काही असेल म्हणून परत तिथंच नेलं. अंगारा लावला, आणि बरं वाटावं म्हणून दोन दम दिले. तेही त्यांनीच, साफी भिजवून.

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात ओंकारच हसला. किती दिवसांनी हसला होता.

"मॅडम, त्यांचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "मला बोल लागू नये म्हनून आबा सोतावर घेत्यात. एकदा माझ्या खिशात गुटख्याची पुडी घावली तर आसूड घिऊन सगळ्या वस्तीवर पळवलं हुतं मला. ते कशाला देतील? लई कडक हायत आमचे आबा."

आणि त्यानं भाऊसाहेबांच्या मांडीवर हात ठेवला, लहानपणी मोटारसायकलवर मागून धरायचा तसा.

मॅडमनी एकदा मुलाकडं बघितलं, एकदा बापाकडं. नेमकं काय लिहायचं ते त्यांना ठरवता येईना. पुडीचं तर खरंच होतं. ते भाऊसाहेबांनाही आठवत होतं.

त्यांनी पोराचा हात मांडीवरून काढला नाही. दुसऱ्या हातानं कागदावरची मोकळी जागा दाखवली.

"त्यो म्हनतो ते नका लिवू, मॅडम," ते म्हणाले. "वय तेरा लिवा. आन् कुनी दिला तिथं माझं नाव घाला. त्याला आठवायच्या आत."