एका रांगेचा मोर्चा

“दहा फूट,” गावचा पोलिसप्रमुख हॅस्केल म्हणाला. “माणसामाणसात दहा फूट अंतर. एकच रांग, एकामागे एक. दोनशेच्या वर एक माणूस नको. शेवटचा माणूस पोचेपर्यंत रस्ता बंद ठेवीन मी. पण दोघं जरी जवळ आले, तरी मोर्चा तिथंच संपला.”

हे सगळं त्यानं पोलिसगाडीतून खाली न उतरताच सांगितलं. न्यू गिलियड चर्चच्या पायरीवर उभ्या असलेल्या पाळक टीग यांनी मान डोलावली आणि गाडी वळल्यावर ते तिथंच मटकन बसले. करोनाच्या साथीमुळे बाकी देशाला सहा फुटांचा नियम होता, यांच्याच वाट्याला दहा आले. मिनीआपोलिसला एका काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हापासून शहरोशहरी हजारोंचे मोर्चे निघत होते. जॉर्जियातल्या या आडगावाला मात्र दोनशे माणसं, आणि चर्चपासून कोर्टापर्यंतची जेमतेम पाच मिनिटांची वाट.

संध्याकाळी मंडळींची सभा फोनवरच भरली. चर्चला मार्चपासून कुलूप होतं. कुणाच्या फोनातून टीव्ही ऐकू येत होता, कुणाचं कुत्रं भुंकत होतं. पाळक म्हणाले, मोर्चा रद्द करू. अशी विरळ रांग कुणाच्या डोळ्यांत तरी भरेल का? आणि अंतर मोडलं तर एकीकडे हॅस्केल, दुसरीकडे साथ. आणखी किती जणांना पुरायचं? तरुण मंडळी उसळली.

तेव्हा ओझेला गॅड्सडेन बोलल्या. बाई ऐंशीच्या घरातल्या. दर रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारात उभं राहायचं आणि येणाऱ्याला जागेवर नेऊन बसवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी हात वर केला की थांबायचं, तळवा पुढे केला की चालायचं. महापौर आले तरी त्यांनासुद्धा बाई दाखवतील तिथंच बसावं लागे. दाराच्या दुसऱ्या बाजूला त्यांची धाकटी बहीण व्हर्डेल उभी असायची. एप्रिलमध्ये साथीनं तिला नेलं. दफनाला मोजकी माणसं आली. ना गाणं झालं, ना कुणी कुणाला मिठी मारली.

“पाळकसाहेब,” ओझेलाबाई म्हणाल्या, “माणसं रांगेत कशी लावायची ते आता पोलिसांकडून शिकायचं का आपण? दार माझ्याकडे द्या.”

त्यांची मुलगी लॉर्ना नर्स होती. आईला अंगणाबाहेर पाऊल टाकू देत नव्हती ती. त्या रात्री तिनं बरीच आदळआपट केली, आई म्हणजे लहान पोरापेक्षा वाईट आहे असंही म्हणून झालं. सकाळी मात्र तिनं आईपुढे दोन मास्क आणि तोंडावर लावायची प्लास्टिकची ढाल ठेवली. शनिवारी, मोर्चाच्या दिवशी, ती स्वतःच व्हर्डेलमावशीचे हातमोजे चढवून फाटकाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. ओझेलाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर वळवून घेतली.

मंडळींनी कंबर कसली होती. बायकांनी घरोघरी मास्क शिवले होते. अंगणात आणि रस्त्यावर दहा-दहा फुटांवर खडूनं खुणा केल्या होत्या. टेबलावर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, ज्याची त्यानं उचलायची. ज्यांना चालणं झेपणार नव्हतं ते म्हातारे रस्त्याच्या कडेला गाड्यांत बसले होते, काचा वर करून, हात हॉर्नवर ठेवून. गावातली काही गोरी कुटुंबंही आली होती. त्यांनाही अंगणातल्या खुणेवरच थांबावं लागलं.

ओझेलाबाईंनी तळवा पुढे केला. पहिली मुलगी फलक उंचावून निघाली. ती दुसऱ्या खुणेवर पोचली तसा बाईंनी पुढचा माणूस सोडला. मग त्याच्या पुढचा. एक उंच पोरगा मैत्रिणीचा हात धरून निघाला, तर बाईंचा हात वर गेला.

“लग्न मी लावून देईन नंतर. आत्ता थांब.”

अंगण हसलं. पोरगा लाजून मागे सरला. बाईंचं लक्ष फक्त समोरच्या माणसावर आणि पुढच्या खुणेवर होतं. रस्त्याकडे बघायचं त्या मुद्दाम टाळत होत्या. इतक्या मोठ्या रस्त्यावर ती बारीकशी रांग कशी दिसत असेल, याचा विचारच त्यांना नको होता. दुरून हॉर्न ऐकू येत होते. हे म्हातारे दम घेणार नाहीत, असं त्या मनात म्हणाल्या.

तेवढ्यात हॅस्केलची गाडी समोर येऊन थांबली. या वेळी तो खाली उतरला. बाईंनी हात वर केला, तसा तोही आपसूक खडूच्या खुणेवर थबकला. मग भानावर येऊन त्यानं चढ्या आवाजात सांगितलं, की रस्त्याच्या दोन्ही टोकांना ट्रकांच्या रांगा लागल्यात, दुकानदार दारात येऊन टाळ्या वाजवताहेत, टीव्हीवाले पोचलेत.

“दोनशे ठरली होती, मॅडम. पहिली पोरगी कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन उभी आहे, आणि तुमचं अंगण अजून रिकामं व्हायचंय. किती माणसं आणलीत तुम्ही?”

ओझेलाबाईंनी मान वळवून पहिल्यांदाच रस्त्याकडे पाहिलं. चर्चच्या फाटकापासून कोर्टाच्या घुमटापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दहा-दहा फुटांवर एकेक माणूस असा सबंध हमरस्ता मोर्चानं भरला होता. गावात एवढा लांब मोर्चा त्यांच्या हयातीत निघाला नव्हता. प्लास्टिकच्या ढालीआड त्यांना हसू आवरेना.

“मोजून घ्या हवं तर,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला वाट दिली. “माणसं दोनशेच आहेत, साहेब. उरलेला मोर्चा तुम्ही दिलाय.”