घरातला एक जण

तिसऱ्यांदा तार तुटली. टेबलाशी बसलेल्या माणसाने चिमटा खाली ठेवला, खुर्ची मागे सरकवली, मग पुन्हा पुढे ओढली.

कोळशाच्या खाणीत त्याला सगळे खांब म्हणायचे. छताला टेकू द्यायचं काम होतं त्याचं. तो उभा आहे म्हटलं की माणसं बिनघोर आत शिरायची. खाण बंद होऊन सात महिने झाले होते. आता बॅटरीच्या कारखान्यासाठी प्रशिक्षण चाललं होतं आणि केसाएवढ्या तारा त्याच्या बोटांना जुमानत नव्हत्या. उद्या परीक्षा. आज घरच्यांना बघायला बोलावलं होतं, म्हणून बायको मागे उभी होती.

त्याने चौथी तार उचलली. इतक्यात मागून बायकोचा हात आला.

"उलटी धरलीत. द्या इकडे."

तिने तार वळवली, कथलाचा टाका दिला, मीटर लावला. काटा हलला आणि जागेवर थांबला.

शिकवणाऱ्या मॅडम जवळ आल्या. "तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकले कुठली? यांचं पुस्तक रोज वाचून दाखवते. यांना एका जागी बसवत नाही ना." एवढं बोलून तिने जीभ चावली.

खांब उठून बाहेर गेला. व्हरांडा, पायऱ्या, फाटक. फाटकापासून परत. असं तीनदा झाल्यावर रखवालदार म्हणाला, "काका, एकदा ठरवा. आत की बाहेर?"

तो आत आला तो थेट मॅडमच्या टेबलापाशी.

"फॉर्मवर लिहिलंय, नोकरीला घरातला एक जण. तो मीच असला पाहिजे असं कुठे आहे?"

मॅडमनी कागद चाळला. "तसं नाही कुठे. आज संध्याकाळपर्यंत नाव बदलता येतं. पण मग तुम्हाला पुन्हा जागा मिळणार नाही."

"अहो," बायको पुढे आली, "डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे. बूड नाही."

शेजारच्या टेबलांवरचे खाणीतले जुने सोबती हसले. एक जण मात्र हसला नाही; मान खाली घालून आपल्याच तारांशी झटत राहिला.

खांबने आपल्या नावावर रेघ मारली. पेन जरा जोरातच दाबलं गेलं, कागद फाटता फाटता वाचला. मग त्याने तेच पेन तिच्यापुढे धरलं. तिने पदराला हात पुसून सही केली.

घरी जाताना तो चार पावलं पुढे जायचा, थांबायचा, ती आली की पुन्हा पुढे.  दुकानांची रांग संपल्यावर ती म्हणाली, "लोक म्हणतील, बायकोला कामाला जुंपलं आणि नवरा घरी बसला."

"घरी बसता आलं असतं तर तिथेच बसलो नसतो का?"

"मग करणार काय तुम्ही?"

 त्याने हात खिशात घातले, बाहेर काढले. रस्त्यातला एक दगड पायाने कडेला लोटला. मागे वळून पाहिलं, तो नीट कडेला गेला की नाही ते.

"कारखान्यात दुपारी जेवायला सोडत नाहीत," तो म्हणाला. "डबा न्यावा लागेल तुला."

"नेईन की. सकाळी लवकर उठून करीन."

"मी करीन." तो थांबला. "तुला काय आवडतं?"

ती चालता चालता थबकली. बावीस वर्षांत पहाटेच्या पाळीचा त्याचा डबा तिने एकदाही चुकवला नव्हता.

"आठवून सांगते," ती म्हणाली.

वळण आलं, मागे पडलं. ती अजून आठवत होती, आणि तो तिच्या पावलाला पाऊल लावून चालत होता.