दुसरी मूठ
प्रयोगशील संगीताच्या महोत्सवात दरवर्षी बाबा आणि मी दोन मुठींच्या करवतीने ओंडका कापायचो. त्याला मायक्रोफोन लावलेला असायचा आणि ओंडक्याचे दोन तुकडे झाले की रचना संपायची. बाबा पेशाने सुतार. "लाकूड कापलेलं बघायला तिकीट?" म्हणत आई घरीच थांबायची. बाबा गेल्यावर संयोजक म्हणाले, "यंदा राहू द्या." मी ऐकलं नाही. मंचावर एकटीने करवत ओढली तेव्हा ती घुमली. परत ढकलली, तसं पातं वाकून अडकलं. पुन्हा तेच. श्रोते चुळबुळले, पण मूठ मी सोडली नाही. तेवढ्यात प्रथमच आलेली आई पहिल्या रांगेतून बाह्या सरसावत मंचावर चढली आणि तिने बाबांच्या बाजूची मूठ धरली. "तुला येतं?" "तू जन्मायच्या आधी कोण ओढत होतं मग? ढकलतेस कशाला? फक्त ओढ. परत न्यायला मी आहे."