एकाच शाईचे सात दिवस

समुपदेशक मॅडमनी रोज लिहायला सांगितलेली मनाची वही निवृत्त हेडमास्तर वरखेडकरांनी मॅडमच्याच दाराबाहेरच्या बाकावर बसून दहा मिनिटांत भरून टाकली. सोमवारी झोप लागली, मंगळवारी फिरून आलो. खरं तर बायको गेल्यापासून ते इथं येण्यापुरताच उंबरठा ओलांडत.

अशा वह्या त्यांनी नोकरीभर पकडल्या होत्या. सात दिवसांची एकच शाई, एकच घाईचं अक्षर. अशा पोराला ते छडी मारत नसत, जवळ बसवून विचारत, "घरी काय झालंय, बाळा?"

आत गेल्यावर मॅडमनी पानं उलटली. सर खुर्चीत पुढे सरकले.

"किती छान प्रगती आहे, सर. आता नाही आलात तरी चालेल."

"नीट वाचलीत ना?" त्यांनी चाचरत विचारलं.

"अगदी शब्द न् शब्द," म्हणत मॅडमनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.