छपरावरचा खटका

"बाबा, पुन्हा छपरावर चढलात तर तुमची घरी बनवलेली एरियल भंगारात देईन," आईने आजोबांना बजावलं. पण ग्रीनलंडकडे मासेमारीला गेलेल्या मित्राशी रेडिओवर बोलायचं, तर वरची तार बदलून जोडावी लागायची. बोलताना तिथे हजारो व्होल्ट उसळतात. विजेवरचे सगळे खटके जळाले होते. मग मला मेंढ्यांना टोचायच्या सिरिंजा सुचल्या. एक छपरावर तार बदलणाऱ्या साध्या खटक्याला बांधली, दुसरी आजोबांच्या टेबलावर, मध्ये प्लास्टिकची नळी; खालची दाबली की हवा वरचा दट्ट्या ढकलणार. नळीतल्या हवेला काय शॉक बसणार? "मी काय मेंढी?" आजोबा कुरकुरले. "दाबा तर खरं." त्यांनी दाबली. वर खट्ट झालं आणि रेडिओत मित्र खाकरला. "म्हाताऱ्या, एवढ्या वाऱ्यात चढलास?" "खुर्चीत बसून कॉफी पितोय, गाढवा." दारात आई हाताची घडी घालून उभी. ती आत आली, म्हणाली, "बाबा, सरका. मलाही दाबू द्या."